कोंबडीची ओळख आणि माणसाची ओळख

पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या दुकानाच्या शीतपेटीत आज कोंबडीच्या मांसाचे पाकीट मिळते. त्या पाकिटावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. मालाचे नाव, निव्वळ वजन, किंमत, माल बांधला तो दिवस, कोणत्या दिवसापर्यंत वापरावा तो दिवस, बॅच क्रमांक, कारखान्याचे नाव आणि पत्ता, १४ आकडी परवाना क्रमांक, कोणत्या तापमानाला ठेवावे याची सूचना आणि चौकोनात तपकिरी त्रिकोण. तळहाताएवढ्या कागदावर एका कापलेल्या पक्ष्याची एवढी सगळी ओळख दिलेली असते.

ही ओळख कोणी ठरवली, कशासाठी ठरवली आणि ठरवताना तिच्यातून काय गाळले, हा प्रश्न इतिहासाचा आहे. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने कोंबडीच्या चिठ्ठीवर लेख लिहावा हे काहींना हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अंगावर खुणा बाळगून चालावे लागले, त्या समाजातून आलेल्या माणसाला खूण ही कधीच क्षुल्लक वाटत नाही. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या वडिलांची ओळख हजेरीपटावरच्या अंगठ्याने पटत असे. माझी सहीने पटते. या दोन खुणांमध्ये किती अंतर आहे, हे मला कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या प्रदेशात कोंबडी एके काळी विटाळाची मानली जाई. खूण, क्रमांक आणि चिठ्ठी यांच्या जोरावर ती स्वच्छ, प्रतिष्ठित माल झाली. तिच्यावर राबणारा हात मात्र त्या चिठ्ठीत कोठेच आला नाही. आणि अगदी अलीकडे जेव्हा चिठ्ठीने हाताची चौकशी केली, तेव्हा तिने त्या हाताचे कष्ट विचारले नाहीत. त्याचा धर्म विचारला.

१

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या जेवणाचे नियम आहेत. ब्राह्मण जेवत असताना त्यांच्यावर कोणाकोणाची दृष्टी पडता कामा नये, याची तेथे एक यादी दिली आहे. त्या यादीत चांडाळ आहे आणि त्याच्याच ओळीत कोंबडा आहे. डुक्कर आहे, कुत्रा आहे, रजस्वला स्त्री आहे. पाचव्या अध्यायात गावकोंबडा द्विजांना वर्ज्य ठरवला आहे. दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, दिवसा कामासाठी गावात यायचे तर राजाज्ञेने ठरलेल्या खुणा अंगावर बाळगून यावे, असे सांगितले आहे. म्हणजे पक्षी आणि माणूस एकाच ओळीत बसवून शास्त्रकार थांबला नाही. त्याने माणसाला खूणही लावून दिली.

शास्त्रात लिहिलेले सगळे व्यवहारात उतरतेच असे नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण पेशवाईच्या पुण्यात ते उतरले होते. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात त्याची नोंद आहे. मराठा मुलखात अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हणजे चुकून कोणाला त्याचा स्पर्श होणार नाही. खुद्द पेशव्यांच्या राजधानीत त्याने कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे त्याच्या पावलांचे ठसे मागच्या मागे पुसले जातील. आणि गळ्यात मडके अडकवायचे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडणार नाही. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी आणखी एक नियम नोंदवला आहे. दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ पूर्वी महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत प्रवेश नव्हता, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात.

आजच्या भाषेत हा एक पुरा ‘लेबल’चा कायदाच होता. काळा दोरा ही ओळख, मडके आणि झाडू ही हाताळणीची सूचना आणि ९ ते ३ ही वैध मुदत. मी हे विनोदाने लिहीत नाही. वस्तूला खूण लावण्यामागे घेणाऱ्याला सावध करण्याचा हेतू असतो. येथे माणसालाच वस्तूप्रमाणे खूण लावली होती, आणि सावध करायचे होते ते दुसऱ्याला. खूण अंगावर वागवणाऱ्याचे तीत काहीच हित नव्हते.

या अमलाच्या आठवणी पुढच्या पिढ्यांत जिवंत होत्या. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांगमहारांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिला, त्यात तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांगमहाराचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई, असे तिने सांगितले आहे. त्याच गुलटेकडीवर आज पुण्याचे मार्केट यार्ड आहे. तेथे प्रत्येक पोत्यावर मार्का असतो, प्रत्येक ढिगाची नोंद होते. जागेचा इतिहास सांगणारी खूण मात्र आपल्यालाच करावी लागते.

२

आता पक्ष्याकडे वळू. ज्या घरात कोंबडी पाळायची नाही, तिचे अंडे उंबऱ्याच्या आत आणायचे नाही असा दंडक होता, त्या घरांच्या वाड्यांपासून दूर, महारवाड्यात आणि मांगवाड्यात कोंबड्या होत्या. शेती नसलेल्या माणसाचे ते हिंडते-फिरते धन होते. मरीआईला कोंबडा लागे, बाळंतिणीला अंडे लागे आणि अडचणीच्या दिवशी बाजारात नेऊन विकायलाही कोंबडीच लागे.

या कोंबड्यांची ओळख कशी पटवत? आमच्या वस्तीत मी लहानपणी जे पाहिले ते सांगतो. दहा घरांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरत. भांडण नको म्हणून बाया आपापल्या कोंबडीच्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधत. कोणाची हिरवी, कोणाची लाल. कोणी पंखाला रंग फाशी. माझी आजी तर चिंधीवाचूनही चालण्यावरून कोंबडी ओळखत असे. ही खूण मालकी सांगणारी होती, पण तिच्यात हीनत्व नव्हते. काळा दोरा आणि हिरवी चिंधी या दोन्ही शेवटी सुताच्याच. एक वरून लादलेली, दुसरी आपापसात ठरवलेली. कोणत्याही खुणेचा विचार करताना ती कोणी ठरवली हे आधी विचारावे, असे मला वाटते ते यामुळेच.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी उभी राहिली. तिचेच पुढे कॅम्प झाले. साहेबाच्या टेबलावर रोज अंडे आणि कोंबडी लागे. ज्या पदार्थांना आणि ज्या कामांना शहरातल्या पेठा शिवत नव्हत्या, त्यांना कॅम्पात रोख दाम मिळू लागला. बंगल्यावरची नोकरी, बटलरकी, पलटणीतली आणि कारखान्यातली कामे यांतून अस्पृश्य समाजातल्या काहींना गावकीबाहेरची पहिली मिळकत झाली. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर म्हणून नोकरी करणाऱ्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली, १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढले आणि १९१० साली लष्करातील व सरकारी नोकऱ्यांसाठी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. चळवळीच्या इतिहासात आपण सभा आणि ठराव मोजतो, ते योग्यच आहे. पण ज्या मिळकतीवर ती सभा उभी राहिली, ती टेबलावर बशी मांडण्याची मिळकत होती, हेही विसरू नये. पेठेत जे विटाळाचे होते, तेच कॅम्पात मजुरीचे झाले. विटाळ वस्तूत नसतो, तो व्यवस्थेत असतो, हे सिद्ध करायला आणखी कोणता पुरावा हवा?

३

विसाव्या शतकात कोंबडी शास्त्राच्या हाती गेली. पुण्याजवळ खडकीला सरकारी कुक्कुटपालन आले. आजही तेथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. पांढरी लेगहॉर्न, तांबडी ऱ्होड आयलंड रेड असल्या परदेशी जाती सरकारी क्षेत्रांवर वाढू लागल्या. कोणत्या कोंबडीने कोणते अंडे घातले हे कळावे म्हणून ‘ट्रॅप नेस्ट’ आले. कोंबडी आत शिरली की दार पडते आणि तिचा क्रमांक लिहून घेतल्यावाचून ती बाहेर येत नाही. एक दिवसाच्या पिल्लाच्या पंखाच्या पडद्यातून क्रमांकाची पत्र्याची पट्टी ओवतात. मोठ्या पक्ष्याच्या पायात कडे घालतात. याहून स्वस्त उपाय म्हणजे पिल्लाच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला भोक पाडणे. एका पायाला असे दोन पडदे, दोन पायांना मिळून चार. कोठे भोक आहे आणि कोठे नाही, यावरून १६ वेगवेगळ्या खुणा होतात. सोळा वंशांची पिल्ले एकाच शेडमध्ये मिसळली तरी त्यांचे आई-बाप सांगता येतात.

येथे मराठी भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. इंग्रजीत पक्ष्यांच्या भेदाला एक शब्द आहे आणि माणसांच्या भेदाला दुसरा. आपण दोहोंनाही ‘जात’च म्हणतो. त्यामुळे ‘जातिवंत कोंबडी’ असे शब्द वर्गात उच्चारताना माझे विद्यार्थी हसतात आणि मग एकदम गप्प होतात. त्यांना मी एवढेच सांगतो की, उबवणी केंद्राची वंशावळीची वही नीट पाहा. शुद्ध वंश तेथे राखतात ते शुद्धतेच्या पूजेसाठी नव्हे, संकर करण्यासाठी. दोन वेगळे वंश एकत्र आले की पिल्लू अधिक जोमाचे, अधिक वजनाचे निघते. सगळ्या ब्रॉयलर धंद्याचा नफा त्या संकरावर उभा आहे. ज्या धर्मशास्त्राने वर्णसंकराच्या भयाने माणसांची लग्ने बांधून टाकली, त्याच धर्मशास्त्राच्या अनुयायांनी कोंबडीच्या संकरात निःशंक भांडवल गुंतवले. बाबासाहेबांनी जातीला वंशशुद्धीचा आधार नाही हे १९३६ सालीच मांडले होते. उबवणी केंद्राने ते रोजच्या हिशेबात मान्य केले. लग्नाच्या मांडवात ते अजून मान्य व्हायचे आहे.

१९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी हैदराबादेत वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे तिचे मुख्यालय पुण्यात आले. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, तिचेही मुख्यालय पुण्यात. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने नव्हे, उत्पादकाने ठरवावा, हा त्या समितीचा आरंभीचा आग्रह होता. दूरदर्शनच्या जाहिरातींनी अंडे घराघरात नेले. ज्या शहराच्या वेशीवर सावलीचा हिशेब होत होता, ते शहर दीडशे वर्षांत देशाच्या अंडी-कोंबडी व्यवसायाची एक राजधानी झाले. कोंबडीचा विटाळ गेला. कोणत्या सुधारकाने तिच्यासाठी सत्याग्रह केला नाही. बाजाराने तिला पाकिटात घातले, थंड केले, चिठ्ठी लावली आणि ती पवित्र झाली.

४

आता त्या चिठ्ठीच्या जन्मस्थानी जाऊ. माझी एक विद्यार्थिनी शहराबाहेरच्या एका प्रक्रिया कारखान्यात पॅकिंगला जाते आणि दिवसा बी. ए. करते. कारखान्याचे काम तिने मला टप्प्याटप्प्याने समजावून दिले. त्याला मी पुस्तकांतून ताडून पाहिले.

पक्षी क्रेटमधून येतात. कोणत्या शेडचे, कोणत्या गाडीतून, किती नग, किती वजन हे दारावरच लिहिले जाते. ब्रॉयलरच्या पायात कडे नसते. इतक्या स्वस्त पक्ष्याला एकट्याची ओळख परवडत नाही. त्याची ओळख कळपाची असते. एका शेडचे पक्षी एकापाठोपाठ लाइनवर घेतात, दुसऱ्या शेडचे त्यांत मिसळू देत नाहीत. त्या गटाला जो क्रमांक मिळतो तोच पुढे बॅच क्रमांक होतो. मग पक्षी पायांनी हुकाला टांगतात, मान कापून रक्त निथळू देतात, गरम पाण्यातून काढून पिसे काढतात, आतडी काढतात, तपासतात, धुतात, ४ अंशांपर्यंत थंड करतात, वजनाप्रमाणे निवडतात, कापतात आणि पाकिटात घालतात. गोठवायचा माल उणे १८ अंशांत जातो. चिठ्ठी शेवटी लागते. पाकीट ओले असले तर ती चिकटत नाही, सुटून पडते. म्हणून प्रत्येक पाकीट कोरड्या फडक्याने पुसून मग ती दाबायची. थंडीने बोटे बधिर होतात, हातमोजा घातला तर चिठ्ठी मोज्यालाच चिकटते. चिठ्ठी चुकली तर आतला माल कितीही चांगला असो, तो बाजारात जाऊ शकत नाही. एका अर्थी अख्ख्या कारखान्याची पत त्या बधिर बोटांवर टिकून असते.

या सगळ्यात माझे लक्ष एका गोष्टीने वेधले. दारावर क्रेट उघडताना सर्वांत आधी मेलेले पक्षी वेगळे काढावे लागतात. धंद्याच्या भाषेत त्याला मरतूक म्हणतात. वाटेत मेलेला पक्षी लाइनवर जाता कामा नये. गेला तर रक्त निथळत नाही, कातडी लालभडक दिसते आणि तपासणीत तो बाजूला पडतो. म्हणजे पाकिटावरची तारीख, बॅच, परवाना हे सगळे जे सांगतात त्याचा पहिला अर्थ एवढाच: हा पक्षी मारलेला आहे, मेलेला नाही.

मेलेले आणि मारलेले यांतला फरक! आपल्या समाजाइतका हा फरक कोणी अंगावर झेलला आहे? गावातली मेलेली ढोरे ओढायची, हे महारकीचे काम. जनावर ओढणारा तोच, आणि त्याचे मांस खातो म्हणून हीन ठरणाराही तोच. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, असे सांगितले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडला मनुस्मृती जाळली गेली. १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या युक्तिवादातही गाय मारणे आणि मेलेल्या गाईचे मांस खाणे यांतला भेद मध्यवर्ती आहे. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि महारकी कायद्याने संपली. ज्या भेदासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी गावाचा रोष आणि बहिष्कार सोसला, तोच भेद आज अन्नसुरक्षेचे मूलतत्त्व म्हणून छापला जातो. त्याचे श्रेय कोणी आपल्याला देणार नाही. पण आपण तरी ते ओळखले पाहिजे. मृत मांस सोडण्याची हाक हा केवळ शुद्धीकरणाचा कार्यक्रम नव्हता. लाचारीने खाल्लेले अन्न नाकारण्याचा आणि निवडून खाण्याचा हक्क मागण्याचा तो कार्यक्रम होता.

मी त्या मुलीला विचारले, मरतूक उचलायला कोण असते? ती म्हणाली, “नवं पोरगं आलं की पहिल्यांदा मरतुकीवरच, सर.” मी नव्या पोरांची आडनावे विचारली. तिने चार सांगितली. ती येथे लिहिण्याची आवश्यकता नाही; या नियतकालिकाच्या वाचकांना ती अंदाजानेही कळतील. मग ती स्वतःहून म्हणाली, “आमच्याकडं कोंबडीची लई चौकशी असते. कुठल्या शेडची, कुठल्या गाडीची, सगळं लिहिलेलं. मला कुणी विचारलं, तू कुठली, तर मी ठेकेदाराची.”

५

चिठ्ठीवरच्या तपकिरी खुणेचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोन खुणा आपल्याकडे २००० सालानंतर सक्तीच्या झाल्या. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, त्याखालचे नियम आले. तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण झाला. आपण काय खातो हे कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, त्याला माझा विरोध नाही. पण व्याख्या वाचून पाहा. प्राण्यापासून आलेला कोणताही पदार्थ मांसाहारी, अंडे मांसाहारी, मात्र दूध आणि दुधाचे पदार्थ वगळलेले. गाईच्या कासेतून आलेले दूध हिरव्या ठिपक्याखाली, कोंबडीने घातलेले अंडे तपकिरी खुणेखाली. ही रेषा कोणत्या शास्त्राने काढली? प्राणिशास्त्राने तर नक्कीच नाही. स्वयंपाकघराच्या सोवळ्याने ती काढली आणि कायद्याने ती छापली.

पदार्थाची खूण माणसाला चिकटायला वेळ लागत नाही. २०१७ साली पुण्याच्या विद्यापीठातले एक सुवर्णपदक केवळ शाकाहारी आणि निर्व्यसनी विद्यार्थ्यालाच देण्याची अट चव्हाट्यावर आली आणि गदारोळ झाल्यावर ते पदक स्थगित झाले. विद्यापीठाला नाव सावित्रीबाई फुल्यांचे! गुणपत्रिकेवर हिरवा ठिपका मागण्याचाच तो प्रकार होता.

याच्याही पुढची पायरी मार्च २०२५ मध्ये आली. झटका मांस विकणाऱ्या हिंदू खाटिकांसाठी ‘मल्हार’ नावाचे प्रमाणपत्र निघाले आणि राज्याच्या एका मंत्र्यांनी त्याचा पुरस्कार केला. नाव जेजुरीच्या खंडोबाचे. त्या नावावरून जेजुरीतही एकमत झाले नाही. खाणाऱ्याला आपल्या धर्माच्या रीतीप्रमाणे कापलेले मांस हवे असेल, मग ते हलाल असो की झटका, तर त्याला ते ओळखता यावे हे समजण्यासारखे आहे. ती खाणाऱ्याच्या सोयीची खूण आहे. पण विकणारा कोणत्या धर्माचा आहे हे पाहून विकत घ्या, असे सांगणारी खूण निराळी. ती मालाला लावलेली दिसते, प्रत्यक्षात माणसाला लावलेली असते. काळ्या दोऱ्याचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांनी ही जात ताबडतोब ओळखली पाहिजे. आज ती मुसलमान खाटकाच्या दुकानावर रोखलेली आहे, म्हणून आपल्याला काय, असे म्हणणाऱ्याने एवढे आठवावे की, हाताची शुद्धता तपासण्याची सवय एकदा बाजाराला लागली की ती एका हातापाशी थांबत नाही. आपल्या हातचे पाणी अजूनही सगळीकडे चालत नाही.

६

तर मग चिठ्ठीच नको काय? माझे उत्तर अगदी उलट आहे. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गियाँ-बारे आजाराची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, काही दगावले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून येतो, तसाच कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातूनही येतो. विहिरींच्या पाण्यावर बोट ठेवले गेले, कोंबडीवरही ठेवले गेले. खडकवासला परिसरातल्या पोल्ट्रींमधून नमुने घेतले गेले. लोकांनी चिकन खाणे कमी केले. त्या आठवड्यांत शीतपेटीतले पाकीट घेणाऱ्याला निदान बॅच क्रमांक वाचता येत होता. वस्तीच्या तोंडाशी पिंजऱ्यातली कोंबडी डोळ्यांदेखत कापून घेणाऱ्याला काय वाचता येणार होते? त्या पक्ष्याच्या पायात ना कडे, ना चिंधी. तो कोणत्या शेडमधून, कोणत्या गाडीतून आला हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

म्हणजे ओळखीचीही श्रेणीबद्ध विषमता आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या अन्नाला नाव, तारीख आणि पत्ता आहे. गरिबाच्या अन्नाला काहीच नाही. आजार मात्र पत्ता विचारून येत नाही. वस्तीतल्या दुकानापर्यंत शेडची नोंद पोहोचली पाहिजे, कापण्याच्या जागी पाणी आणि तपासणी पोहोचली पाहिजे, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी महापालिकेकडे केली पाहिजे. हा ग्राहक पंचायतीचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असे समजण्याचे कारण नाही. चवदार तळ्याचा लढा शेवटी स्वच्छ आणि सार्वजनिक पाण्याच्या हक्काचाच लढा होता.

आणि चिठ्ठी लावणाऱ्या हाताचे काय? त्याचे नाव पाकिटावर छापा, अशी माझी मागणी नाही. नाव छापले की आडनाव वाचले जाईल, आणि मग काय होते ते आपण जाणतो. कामगाराची खरी चिठ्ठी निराळी असते. नेमणूकपत्र, हजेरीपट, वेतनचिठ्ठी, विम्याचा क्रमांक, भविष्यनिधीचा क्रमांक. ही ओळख त्याने स्वतः मिळवलेली असते. ती दुसऱ्याला सावध करण्यासाठी नसून त्याच्या संरक्षणासाठी असते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी ज्या गोष्टींसाठी कष्ट घेतले, त्यांचा गाभा हाच होता. माणसाची ओळख जन्मावरून नव्हे, तो करीत असलेल्या कामावरून आणि त्या कामातल्या हक्कांवरून व्हावी. त्यानंतर कायदे झाले, बदलले, आता त्यांच्या संहिता आल्या. परंतु ‘मी ठेकेदाराची’ हे उत्तर जोवर एखाद्या मुलीला द्यावे लागते, तोवर कारखान्यात पक्ष्याला जेवढा मागमूस आहे तेवढाही तिला नाही, असेच म्हणावे लागेल. पक्षी आजारी निघाला तर बॅचवरून थेट शेडपर्यंत मागे जाता येते. तिच्या बोटांना इजा झाली तर मागे कोठपर्यंत जाता येते?

विद्यार्थ्यांना आणि शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. आपल्या आया-बहिणी ज्या कारखान्यांत, शेडांत, उबवणी केंद्रांत राबतात, तेथल्या कामाचा इतिहास लिहायला घ्या. पंखात पट्टी कशी ओवतात, मरतूक कोण उचलते, चिठ्ठी कोण चिकटवते, कोणाची पाळी रात्रीची आणि कोणाला पगाराचा कागद मिळतो, हे सगळे तारीखवार नोंदवा. कार्यकर्त्यांनी त्या नोंदींवरून मागण्यांची यादी करावी. पेशवाईतल्या काळ्या दोऱ्याची नोंद बाबासाहेबांनी केली म्हणून आज आपण ती पुराव्यासारखी समोर ठेवू शकतो. बाबासाहेबांच्याही ऐंशी वर्षे आधी मुक्ता साळवेने लिहिले तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती आणि तिच्या हाती फार थोड्या वर्षांचे शिक्षण होते. आमच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना त्याहून पुष्कळ अधिक शिक्षण मिळाले आहे, आणि लिहिण्याजोगे त्यांच्या घरी रोज घडते आहे.